लोसीने काठ्यांना हात लावला

२७ ऑगस्ट १८८८, सोमवार

यानू मामा दुपारी आला. घरात पाऊल टाकलं नाही, अंगणातूनच हाक मारली. हे घर माझ्या सासूचं, आणि सासूचा मुलगा वेसा समोरच्या संघात. मामाच्या हिशेबाने मी शत्रूच्या स्वयंपाकघरात जेवतो.

लग्न झालं की नवऱ्याने बायकोच्या आईकडे राहायला जायचं, हे कोणालाच चुकलेलं नाही. पण माझी सासुरवाडी नेमकी वरच्या खोऱ्यात निघावी हे माझं नशीब. राहतो इथे, आणि चेंडूच्या डावाला उभा राहतो खाली नदीकाठी, माझ्या आईच्या गावाकडून. दोन्हीकडचे टोमणे पुरून उरतात.

आमच्या गावाकडून आव्हान गेलं आणि वरच्यांनी ते घेतलं. डाव सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, मधल्या कुरणावर. मला मधोमध उभं राहायचं आहे. गेल्या वर्षी त्या जागेवर माझा मावसभाऊ होता. त्याचं खांद्याचं हाड मोडलं आणि आम्ही हरलो. मामाचं आता वय झालं. संघ उभा करायची ही त्याची शेवटची खेप, असं तो स्वतःच म्हणतो.

त्याने ही वही दिली. म्हणाला, "दोया भगत म्हातारा झालाय. तो गेला की पथ्यंही त्याच्याबरोबर जातील. तुला आपल्या बोलीची अक्षरं येतात ना? मग लिहून ठेव."

तर लिहितो. ससा खायचा नाही, तो भित्रा. बेडूक नाही, त्याची हाडं काटकीसारखी मोडतात. मीठ नाही, ऊन-ऊन अन्न नाही. डावाआधी सात दिवस आणि डावानंतर एक दिवस बाईचा स्पर्श नाही, आणि चेंडू उचलायच्या जाळीदार काठ्यांना तर बाईचा हात कधीच लागू द्यायचा नाही. ज्याची बायको गरोदर, त्याने मैदानात उतरायचं नाही. त्याचं बळ बाळाकडे गेलेलं असतं. तो स्वतः जड होतो आणि सगळ्या संघाला खाली ओढतो.

हे शेवटचं सांगताना मामाने माझ्याकडे पाहिलं. "तुझ्या घरी काही?"

"काही नाही, मामा."

"लग्नाला चार वर्षं झाली."

"झाली."

"बरं आहे," तो म्हणाला. "यंदापुरतं बरंच आहे म्हणायचं."

हसलो मी. पण लागलं.

३० ऑगस्ट

घरात माझ्या विरोधात काहीतरी शिजतंय. जेवण मात्र शिजत नाही. बिनमिठाची मक्याची भाकरी मागितली तर सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, मीठ टाकायची सवय या हाताला साठ वर्षांची आहे. तुमच्या मामाला बोलवा रांधायला."

माझ्या बायकोचं, लोसीचं, वागणं त्याहून विचित्र. काल पहाटे उठून तिच्यासाठी दोन खारी मारून आणल्या. खारीचा रस्सा म्हणजे तिचा जीव की प्राण. तिने त्या सरळ शेजारणीला देऊन टाकल्या. नदीवरून मासे आणले तर नाकाला पदर लावून मागच्या अंगणात निघून गेली. आणि आज सकाळी मी गळ्याला रुमाल बांधून निघालो, तर पुढे आली आणि गाठच सोडली.

"नको बांधूस."

"का?"

"नको म्हटलं ना."

तिच्याही गळ्यात हल्ली रुमाल नसतो. माझा तो तांबडा रुमाल मामाने दिलेला होता. मामाच्या वस्तूसुद्धा आता अंगाला लागू द्यायच्या नाहीत, असा हा प्रकार दिसतो.

वेसा अंगणात काठीची जाळी विणत बसला होता. त्याने हळी दिली, "दाजी, रस्त्याने जपून! आमच्या भगताने सशाच्या पायांचं सूप केलंय म्हणे. तुमच्या वाटेवर ओतणार. पाय पडला की पळत सुटाल घराकडे."

"कुठल्या घराकडे?" मी म्हणालो. "सूप पण इथलंच आणि घर पण इथलंच!"

खूप हसला. वेसा वाईट माणूस नाही. पण डाव तो डाव.

३ सप्टेंबर

तालीम जोरात. आज चेंडू जाळीत उचलला तो खांबापर्यंत कोणाला शिवू दिला नाही. मामा कधी तोंडावर कौतुक करत नाही. आज "हं" म्हणाला. त्या "हं"वर मी घरापर्यंत तरंगत आलो.

आणि घरी लोसी म्हणाली, "यंदा नको खेळूस."

मला आधी वाटलं थट्टा करतेय. मग तिचा चेहरा पाहिला.

"कारण सांग."

"माझं ऐकून एकदा नको खेळूस. पुढच्या वर्षी खेळ."

"पुढच्या वर्षी मामा नसेल संघावर."

"मला माहीत आहे."

"वेसाने सांगितलंय का तुला हे बोलायला?"

त्यावर ती अशी काही बघत राहिली की मीच नजर वळवली. मग उठून गेली. थकलेली दिसते हल्ली. गेल्या हिवाळ्यात ताप आला होता तसंच काहीसं. तेव्हा आठवडाभर बायकांनी मला दारातसुद्धा उभं राहू दिलं नव्हतं. तापाला एवढी गुप्तता कशाला, ते मला तेव्हाही कळलं नाही.

पण ताप असता तर सांगितलं असतं. यात पाणी मुरतंय हे नक्की.

७ सप्टेंबर

आज रागाच्या भरात लिहितोय.

काल नवा चंद्र दिसला. आज उजाडता उजाडता मी तालमीला निघालो, तर नदीच्या वळणावर धुक्यात बायका दिसल्या. लोसी गुडघाभर पाण्यात, पूर्वेकडे तोंड करून. मागे सासूबाई, हातात पांढरं कापड. आणि शेजारी वरच्या खोऱ्यातली ती म्हातारी, जी मंत्र जाणते. तिच्या बोटांत मणी होते. ती हळू आवाजात काही म्हणत होती आणि मणी बोटांत कसा चालतो ते बघत होती.

मणी कशासाठी चालवतात हे मला कोणी शिकवायला नको. डावाआधी दोया भगत आमच्यासाठी हेच करतो. तांबडा मणी आपला, काळा शत्रूचा. म्हणजे माझी बायको, मी दिलेली चादर खांद्यावर घेऊन, नदीला साकडं घालतेय की तिच्या भावाचा संघ जिंकू दे आणि मला खाली पाड.

मी झाडामागे उभा राहिलो. आमच्या लग्नात याच पाण्याने आम्ही दोघांनी हात धुतले होते.

मामाला सांगितलं. त्याने दातओठ खाल्ले. म्हणाला, "तिथून निघ. आजच निघ."

मी म्हणालो, एक दिवस दे.

९ सप्टेंबर

काल तिला विचारलं. "नदीवर काय करत होतीस?"

तिचा चेहरा पांढराफटक पडला. "तू पाहिलंस?"

"पाहिलं."

"मग?" तिने विचारलं. आणि त्या "मग"मध्ये काय होतं मला आत्ताही सांगता येत नाही. जणू मी काही चांगलं बोलेन अशी वाट बघत होती.

"मग काय! लाज वाटत नाही?" मी म्हणालो.

सासूबाई मध्ये पडल्या, "जावईबापू, डोळे आहेत तसे कान पण उघडे ठेवा थोडे." मी म्हणालो, मला या घरात आता कोणाचंच ऐकायचं नाही.

आणि आज सकाळी तिने ते केलं. माझ्या काठ्या वर तुळईला टांगलेल्या होत्या. मी आत आलो तेव्हा ती ओट्यावर चढलेली होती. मला पाहून थांबली. वाटलं, आता खाली उतरेल. तिने माझ्या डोळ्यांत बघत दोन्ही हात वर नेले, दोन्ही काठ्या पकडल्या, आणि जाळीपासून मुठीपर्यंत चांगला हात फिरवला. चुकून झालं असं म्हणायलाही तिने जागा ठेवली नाही.

हिकरीचं लाकूड मी हिवाळ्यात तोडलेलं. वाफेवर वाकवून, सुकवून, तासून उन्हाळाभर घडवलेल्या काठ्या. आता जाळण्यापलीकडे उपयोग नाही.

मी डोक्यात राख घालून निघालो. माझ्या वस्तू मी स्वतःच बाहेर काढल्या. बायकोने नवऱ्याच्या वस्तू दाराबाहेर ठेवल्या की लग्न मोडतं. नवऱ्याने स्वतःच ठेवल्या तर काय होतं, कोणास ठाऊक. आमच्यात असं कोणी केल्याचं ऐकलेलं नाही.

१२ सप्टेंबर

मामाकडे राहतोय. नव्या काठ्या घाईत केल्या, लाकूड पुरतं सुकलेलं नाही. हातात जड लागतात.

लोसीने काठ्या बाटवल्याचं आख्ख्या गावाला कळलंय. सगळे माझ्या पाठीवर थाप मारतात. "सुटलास," म्हणतात. सुटल्यासारखं मला वाटत नाही. काल भाकरी खाताना आपसूक अर्धी मोडून बाजूला ठेवली, तिच्यासाठी. मामीने पाहिलं आणि गुपचूप उचलून घेतली.

१५ सप्टेंबर

कालपासून आम्ही बारा जण वेगळे, नदीकाठच्या तळावर. बाईची सावली नाही. सकाळ-संध्याकाळ पाण्यात बुडी.

आज दोया भगताने एकेकाचे मणी पाहिले. बाकीच्यांचे तांबडे मणी बोटांत किड्यासारखे वळवळले. माझा हललाच नाही. म्हाताऱ्याने डोळे मिटले, पुन्हा मंत्र म्हटला. जरासा हलला आणि थांबला.

"घरी काही आहे का, पोरा?"

"घरच नाही मला आता," मी म्हणालो.

कोणी हसलं नाही. मामा मध्येच म्हणाला, "वरच्यांनी करणी केलीय, मी सांगतो. ह्याच्या सासूने नि बायकोने." भगत माझ्याकडेच बघत राहिला.

मी शाळेत चार वर्षं होतो. तिथले मास्तर म्हणायचे, मणी म्हणजे बोटांचा थरथराट. तसं असेल तर माझ्या वेळीच म्हाताऱ्याची बोटं स्थिर कशी झाली? झोप उडाली आहे.

१८ सप्टेंबर

दोन्ही गावांची म्हातारी माणसं कुरणावर भेटली. खांब रोवले, जोड्या ठरवल्या. प्रत्येक खेळाडूसमोर दुसऱ्या गावचा एक. एक जायबंदी होऊन बाहेर पडला, तर त्याच्या जोडीदारानेही बाहेर बसायचं. माझ्यासमोर वेसा.

मला वाटलं, आता तोंडसुख घेईल. पण तो खाली मान घालून पायाने गवत उपटत होता.

"दाजी, जपून खेळ."

"धमकी देतोयस?"

"नाही रे. म्हणजे… अंगावर नको येऊस माझ्या. मी तुला पाडणार नाही. तूही उगाच घुसू नकोस."

"का? बहिणीने सांगितलंय?"

त्याने मान वर केली. काहीतरी बोलणार होता. मग त्याच्या गावचा कोणीतरी हाक मारत आला आणि तो निघून गेला. दया दाखवतोय मला! वरचे एवढे खात्रीने बसलेत की आम्ही हरणारच.

२० सप्टेंबर, दुपार

आज रात्रभर नाच, उद्या डाव. सगळे आत्ता पडले आहेत. मला बसवत नाही आणि उठवतही नाही.

सकाळी दागूला संघातून काढलं. दागू आमचा उजवीकडचा गडी, बैलासारखा. त्याची आई तळाच्या हद्दीवर येऊन ओरडून सांगून गेली की सुनेला दिवस गेलेत. मामा चिडला, दागू रडला, मग हसला, मग पुन्हा रडला. दुसऱ्याला तालमीतून आणून उभा केला. सगळे त्याला चिडवत होते, "बैला, चार दिवस आधी कळलं नाही तुला?"

"कळायला हवं होतं," दागू म्हणाला. "गेला महिनाभर खारीला शिवत नव्हती. म्हणते, पोटातलं खाली यायचं सोडून खारीसारखं वर चढेल. माझ्या गळ्यातला रुमाल ओढून फेकला. म्हणते, बाळाच्या गळ्याला नाळ अडकेल. मला आपलं वाटलं, डोकं फिरलंय."

सगळे पोट धरून हसले. मीही तोंड उघडलं होतं हसायला. ते तसंच राहिलं.

नंतर मी नदीवर जाऊन बसलो. नव्या चंद्राच्या सकाळी गरोदर बाईला पाण्यावर नेतात. माझ्या आईलाही नेलं होतं, तिनेच सांगितलेलं. तिथेही म्हातारी मणी बघते, बाळ तरेल का त्यासाठी. मला हे ठाऊक होतं. धुक्यात उभं राहून डोळ्यांनी पाहताना आठवलं नाही, कारण डोक्यात चेंडूशिवाय काही नव्हतं. "मग?" म्हणाली ती. आणि मी काय बोललो!

काठ्यांना हात लावला तो मला थांबवायला. बळ बाळाकडे गेलेलं असताना मी खेळलो असतो तर नुकसान आमचंच होतं, माझ्या गावाचं. वेसाच्या बहिणीने वेसाचा फायदा मोडायला बघितला आणि मी तिला भावासाठी विकली गेलेली ठरवलं.

आता खरं काय ते लिहितो. कोणालाच माहीत नाही. मी गप्प बसलो तर उद्या खेळेन. मास्तरांचं खरं असेल तर काहीच होणार नाही. मामाची शेवटची खेप. दागू गेलाच आहे, मीही गेलो तर मधली फळी मोडलीच. शिवाय मी सांगितलं तर विश्वास कोण ठेवणार? म्हणतील, घाबरला. म्हणतील, सासूने फितवला.

मला खेळायचंय. फार खेळायचंय.

२१ सप्टेंबर

रात्री मी नाचलो, सगळ्यांबरोबर. पहाटे भगताने, अंगात बळ यावं म्हणून, टर्कीच्या हाडाच्या फणीने दंड, पाठ, पोटऱ्या ओरबाडल्या. रक्त आलं. त्यावर काढा, मग थंडगार पाणी. मी तोंड उघडलं नाही. लाज वाटते, पण मी ठरवूनच टाकलं होतं की खेळायचं.

कुरणावर ओळी समोरासमोर आल्या. ज्याने त्याने आपल्या जोडीदाराच्या पायाशी काठ्या ठेवल्या. म्हातारा भाषण करत होता. कडेला बायकांची गर्दी. मी लोसीला शोधत नव्हतो, तरी दिसली. हात पोटावर घट्ट धरून उभी होती, तोंडाने काहीतरी पुटपुटत. माझ्यासमोर वेसा. इतका धिप्पाड माणूस, पण काठ्या उचलायला वाकला तेव्हा माझ्याकडे बघायचं टाळत होता.

मी काठ्या उचलल्या, ओळ सोडली आणि त्या मामाच्या पुढ्यात ठेवल्या.

"मामा, माझ्या घरी मूल आहे."

त्याला आधी कळलंच नाही. मग त्याचा चेहरा काळवंडला. "कोणी सांगितलं?"

"कोणीच नाही."

"वेसाने? तुझ्या सासूने?"

"मामा, मला कोणीच सांगितलं नाही. मीच आंधळा होतो."

"मग आंधळाच राहा की आणखी दोन तास!" तो ओरडला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "घरजावई! त्यांचं खातोस, त्यांचंच गाणार!"

ते शब्द ओळीतल्या प्रत्येकाने ऐकले. दोया भगत हळूहळू चालत आला, माझ्या हाताला धरून मला कडेला नेलं आणि पलीकडच्या भगताला खूण केली. त्यांचाही एक बाहेर गेला पाहिजे. वेसाने काठ्या टाकल्या आणि माझ्याशेजारी येऊन धाडकन बसला.

आम्ही दोघे डाव बघू लागलो.

"उन्हाळाभर घाम गाळला मी," वेसा म्हणाला. "दोन तास कळ काढवली नाही तुला."

"तुला माहीत होतं."

"होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"गप्प राहिलो तर आम्ही जिंकणार होतो." तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "जिंकायचं होतं मला. खोटं कशाला सांगू?"

"आणि ती? ती का नाही बोलली?"

"तिने सांगितलं असतं तर तुझा मामा काय म्हणाला असता? आत्ता ऐकलंस ना." मग त्याचा आवाज उतरला. "आणि हिवाळ्यात पोटातलं गेलं. तेव्हा तिने फक्त आईला सांगितलं होतं, तरी गेलं. या वेळी तोंडातून काढायचीच भीती होती तिला."

हिवाळ्यातला तो ताप. मी बाहेर लाकडं फोडत बसलो होतो आठवडाभर, आणि बायकांवर चिडत होतो. मी गुडघ्यात तोंड घालून रडलो, सगळ्या कुरणासमोर. वेसाने आपली चादर माझ्या डोक्यावर टाकली.

आम्ही एका गुणाने हरलो. मामा माझ्यासमोरून गेला, मान वळवली नाही. मागून कोणीतरी म्हणालं, हा असता तर जिंकलो असतो. दोया भगत म्हणाला, "हा असता तर निम्म्यावरच हरलो असतो." त्याचं कोणी ऐकलं नाही.

वर घरी आलो. लोसी आमच्या आधी पोचली होती. डाव संपायची वाट बघवली नव्हती तिला.

"कोण जिंकलं?"

"तुझं गाव."

ती खाली बसली आणि हमसून रडायला लागली, माझ्या गावासाठी. मी तिच्याजवळ बसलो. हात लावायचा नव्हता, डावाचं पथ्य उद्यापर्यंत आहे. लावला.

सासूबाईंनी भाकरी वाढली. मीठ घातलेली.

जेवण होतंय तोवर वेसा हिकरीचं एक कोवळं लाकूड घेऊन आला. मनगटाएवढंही जाड नव्हतं. ते त्याने चुलीच्या वर, धुरात टांगलं. "सुकायला वेळ लागतो," म्हणाला. "पोर धावायला लागेल तोवर तयार होईल."

"मुलगी झाली तर?"

"मग घर तिचं, आणि तू आणखी एका बाईच्या घरातला पाहुणा."

लोसी हसली. मीही हसलो, आणि मग ते टांगलेलं लाकूड बघत राहिलो. मूल आईच्या कुळाचं. मुलगा झाला तर त्याला काठी धरायला मामा शिकवणार, बाप नाही. तो इथे वाढेल, वरच्यांच्या ओळीत उभा राहील. ज्याच्यासाठी मी आज मैदान सोडलं तो एक दिवस माझ्याच गावाच्या अंगावर धावून येईल. यानू मामा तोवर असला तर कुरणाच्या कडेला बसून त्याला शिव्या घालेल. मी त्याच्या शेजारी बसलेला असेन, तोंड मिटून, आणि मनात म्हणत असेन की पोरानेच जिंकावं.